‘मी पेन्सिल खाते, हे कुणाला सांगू?’

“मॅडम, मला वेड तर लागत नाहीये ना?” पाटीवरची पेन्सिल, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खाणाऱ्या बायका माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे हमखास विचारतात, तेही आवाज अगदी खाली आणून. हल्ली हा प्रश्न इतक्या जणींकडून ऐकला की एकीची गोष्ट लिहायचं ठरवलं. तिची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेघना चौतिशीची, पुण्यात धायरीला राहणारी. गरोदरपणी लागलेली पेन्सिलची तलफ मुलगा दुसरीत गेला तरी सुटली नव्हती. घराजवळचा दुकानदार काही विचारेल म्हणून ती अप्पा बळवंत चौकातून पेट्या आणायची, ‘मुलाच्या शाळेसाठी’. मुलाच्या शाळेत पाटी नव्हतीच.

“रक्त शेवटचं कधी तपासलंत?” मी विचारलं.

ती नाराज झाली. “मी मनासाठी आलेय, मॅडम.”

तरी मी हट्ट धरला. हिमोग्लोबिन ७.९ निघालं. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. पाळीत रक्तस्राव खूप व्हायचा, पण तो ‘आमच्याकडे सगळ्यांनाच होतो’ म्हणून सोडून दिलेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. लोह कमी असताना माती, खडू, बर्फ असलं काहीतरी चावावंसं वाटणं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. शिवाय काही प्रकारची माती पोटात गेली की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणजे कमतरता आणखी वाढते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत असं बजावलं, आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. काही आठवड्यांत तलफ बरीच ओसरली. संध्याकाळी ऑफिसातून निघतानाचा तुकडा मात्र सुटेना. माझं खरं काम इथून सुरू झालं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारपद्धतीवर वाढलेली. ‘हवं आहे’चं ‘हवंच’ कुठे होतं, ते मी शोधते.

“आत्ता पर्समध्ये आहे?”

तिने रुमालाची पुरचुंडी काढली. आत चार तुकडे. टोकं ओली होती. पाण्यात बुडवली की मातीचा वास येतो म्हणे. मी ते टेबलावर ठेवायला सांगितले.

“आत्ता खाल्ली नाही तर?”

“सहनच होणार नाही.”

“सहन होणार नाही, की त्रास होईल?”

ती गप्प. आम्ही दोघी बसून राहिलो. ती आवंढे गिळत होती, जबडा घट्ट. “वाढतंय,” म्हणाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “अजून आहे.” आणि मग नवलाने, “कमी झालं. मी काहीच केलं नाही, तरी!”

त्यानंतर ती रडायला लागली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर ही बाहेर काढली.”

त्या क्षणी मला गाठ दिसली. पेन्सिल हा एक त्रास. पेन्सिलची लाज हा दुसरा, आणि पहिल्याहून मोठा. लाजेपोटी तिने डॉक्टरांना सांगितलं नाही, म्हणून रक्त तपासलं गेलं नाही, म्हणून पेन्सिल सुटली नाही. त्या तासात मी फार बोलले नाही आणि त्याचं मला आजही समाधान वाटतं. त्या रात्री तिने नवऱ्याला स्वतःहून सगळं सांगितलं.

तुमचंही असंच असेल तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, “मी पेन्सिल खाते.” रक्ताच्या तपासणीत फेरिटिनही करायला सांगा. माती खात असाल तर जंतांचंही विचारा. गरोदर असाल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. दोन वर्षांच्या आतलं मूल दिसेल ते तोंडात घालतंच. त्याहून मोठं मूल महिनाभर माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. बोटांना मिरची लावू नका, चारचौघांत ओरडू नका. पोट फुगून दुखतंय, उलट्या होताहेत, शौचाला होत नाहीये, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि पेन्सिल सोडायची म्हणून सुपारी धरू नका, सुपारीने कर्करोग होतो. चावायला गाजर, काकडी, भाजलेली बडीशेप ठेवा.

मेघनाच्या गोळ्या अजून चालू आहेत. हिमोग्लोबिन भरलं तरी साठा भरायला पुढे काही महिने त्या घ्याव्याच लागतात. बऱ्याच जणी बरं वाटलं की मध्येच थांबवतात, आणि लोह उतरलं की तलफ पुन्हा डोकं वर काढते.