वाईत घाटाजवळच्या बांधकामाचे नियम नगरपालिकेच्या सभेत बदलले, तर विषय संपला का?

नाही, संपत नाही. विकास आराखडा किंवा त्याच्या नियमावलीत बदल करायचा तर १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ लागतं. ठरावानंतर राजपत्रात सूचना निघते, हरकतींना महिनाभराची मुदत असते, मग सुनावणी. अखेरची मंजुरी राज्य शासनाची. हरकत कुणीही घेऊ शकतो, तिथे तुमचं घर असायलाच हवं असं नाही.

हरकतीत फक्त ‘वारसा वाचवा’ असं मोघम लिहू नका, त्याला वजन राहत नाही. नेमकं काय बिघडेल ते लिहा. वाईच्या घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं. कृष्णेचा पूर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय. शेजारी भराव घालून पाण्याची वाटच बदलली, तर त्या भिंतीने करायचं काय? मला खरी काळजी याचीच वाटते. उंच इमारतीने देऊळ झाकलं जाण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

तेव्हा सिटी सर्व्हे नंबर, आजची आणि प्रस्तावित उंची, पुराच्या वेळचे फोटो, सगळं जोडा. ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा. आणि अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.