आफ्रिकेतल्या खेड्यात कसाव्याचं यंत्र पाठवायचं आहे. अशा साध्या यंत्रांनी गरिबी खरंच हटते का? कोणतं घ्यावं?

यंत्र इथून पाठवूच नका. पैसे पाठवा आणि तिथल्या वेल्डरकडून बनवून घ्या.

मी चार वर्षं घानात होतो, व्होल्टा विभागात ‘हो’ नावाच्या शहराजवळ. पुण्याच्या एका कंपनीतर्फे मदत-प्रकल्पात इंजिन, किसणयंत्र, किसातलं पाणी पिळून काढणारा हायड्रॉलिक प्रेस आणि ड्रायर बसवायला गेलो होतो. कसावा म्हणजे आपला उपासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तोच कंद. तिथल्या एवे भाषेत त्याला आग्बेली म्हणतात, ‘जीवन आहे’ असा अर्थ. पण उपटला की दोन-तीन दिवसांत आतून काळा पडतो, आणि कडू जातींत सायनाइड असतं. म्हणून बायका तो सोलतात, किसतात, पोत्यात भरून दगडांखाली दोन-तीन दिवस आंबत ठेवतात, चाळतात, मग मोठ्या कढईत परततात. ही गारी. रव्यासारखी दिसते, महिनोन्‌महिने टिकते. ४-५ किलो कंदाची जेमतेम एक किलो.

पूर्वी किसणी म्हणजे खिळ्यानं भोकं पाडलेला पत्रा. बोटांची सालं निघायची. इंजिनावरच्या किसणयंत्रानं दिवसाचं काम मिनिटांवर आणलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चाचणीच्या दिवशी एका आजीनं मला एकच गोष्ट विचारली, “घमेल्यामागे किती घेणार?” तेव्हा मला तो प्रश्न कळला नाही.

सातव्या महिन्यात हायड्रॉलिक प्रेसचं सील गेलं. ‘हो’मध्ये मिळालं नाही, राजधानी अक्राला नाही. पुण्याहून येईपर्यंत पावणेदोन महिने गेले. बायका पुन्हा दगडांवर आल्या. मग त्यांनीच वर्गणी काढली आणि गावातल्या वेल्डरकडून लोखंडी चौकट, दोन लांब बोल्ट आणि ट्रकचा जुना जॅक यांचा प्रेस करून घेतला. तो मी असेपर्यंत एकदाही बंद पडला नाही.

आमचे साहेब पाहणीला आले. त्याला ‘जुगाड’ म्हणाले आणि अहवालात लिहिलं की स्थानिक महिलांची मानसिकता आधुनिक यंत्रासाठी तयार नाही. ज्या बायका पहाटे चारला कंद सोलायला बसत, स्वतःच्या पैशांनी प्रेस उभा करत, त्यांची मानसिकता! त्या अहवालावर माझीही सही आहे. मी तेव्हा बोलायला हवं होतं. सील जिथे मिळत नाही तिथे ते यंत्र देणं ही चूक आमची होती, त्यांची नव्हे. आणि घानात कारागीर नाहीत असं कुणी म्हणू नये. कुमासीच्या सुआमे मॅगझीन या गॅरेजांच्या वस्तीत तिथल्या विद्यापीठानं १९८० मध्येच कारागिरांसाठी वर्कशॉप उघडलं होतं.

गरिबीचं म्हणाल, तर किसणं झटपट झाल्यावर गारी जास्त होऊ लागली, म्हणजे परतणंही वाढलं. त्याच बायका धुरात आता दुप्पट वेळ बसू लागल्या. धुराडं असलेल्या चुली आमच्या प्रकल्पात नव्हत्याच. शिवाय शहरातून येणाऱ्या व्यापारी बायका ओलोंका नावाच्या डब्यानं गारी मोजून घेतात, आणि त्यावर चढवलेली शीग फुकट जाते. आपल्याकडे पायलीवर जायची तशीच. पैसा टिकला तो किसणयंत्र बायकांच्या गटाच्या नावावर होतं म्हणून. घमेल्यामागचे पैसे गटाच्या पेटीत पडले, त्यातून पोरांच्या फिया गेल्या. शेजारच्या गावात यंत्र एका पुरुषाचं होतं. तिथे बायकांचे हात मोकळे झाले, पण पैसा त्याच्या खिशात गेला. आजीचा प्रश्न मला तिथे कळला.

तेव्हा ज्या संस्थेमार्फत मदत पाठवणार तिला आधी विचारा: यंत्र कुणाच्या नावावर राहणार, आणि दुरुस्ती किती कोसांवर?

मी पाहिलं ते एका भागातलं. जवळपास वेल्डिंगची सोयच नसेल तर इथून पाठवावं लागेलही, पण मग सील, बेअरिंग, पट्टे दोन वर्षांचे सोबत द्या. आणि प्रेसमधून निघणारं पाणी विषारी असतं. आमच्याकडे दोन शेळ्या ते पिऊन मेल्या, त्यानंतर चर खणला. तो चर पहिल्या दिवसाच्या खर्चातच धरा.