अवतार नदीकाठी सापडतो

प्रश्न आला आहे तो असा: ‘आम्ही सहा-सात जण रात्री ऑनलाइन गेम खेळतो आणि खेळताना शक्य तितकं मराठीत बोलतो. गेममध्ये आपण जे पात्र घेऊन फिरतो त्या ॲव्हटारला मराठीत काय म्हणावं? एकाने प्रतिरूप सुचवलं, दुसऱ्याने आभासी प्रतिमा. मी अवतार म्हटलं तर सगळे हसले. आमच्यातला एक म्हणाला, अवतार म्हणजे खाली उतरणं, आणि गेममध्ये तर आपण लेव्हल चढत वर जातो, मग तो शब्द कसा चालेल? शिवाय उतरणं हा अवतरणंचाच अपभ्रंश आहे, असंही त्याने सांगितलं. तुमचं मत काय?’

माझं मत एका शब्दाचं आहे: अवतार. पुल्लिंगी. माझा अवतार, तुझा अवतार, आमचे अवतार. ‘माझी ॲव्हटार’ नाही आणि ‘आमचे ॲव्हटार्स’ तर मुळीच नाही. 2005 साली सुरू झालेल्या एका अमेरिकन कार्टून मालिकेत हा शब्द ॲव्हटार असा उच्चारला जाई. 2010 मध्ये त्यावर चित्रपट निघाला. त्यात दिग्दर्शकाने उच्चार आपल्या अवतारच्या जवळ नेला, तर तिकडचे चाहते चिडले. त्यांची चीड मी समजू शकतो. लहानपणापासून कानाला जी सवय झाली ती मोडली. पण ज्या मुलांनी आजीच्या मांडीवर मत्स्य-कूर्म-वराह ऐकले, त्यांच्या तोंडून ॲव्हटार ऐकलं की मला खरोखर त्रास होतो. प्रतिरूप हा शब्द वाईट नाही, पण तो छापील आहे. रात्री बारा वाजता मागून गोळ्या येत असताना ‘अरे, माझं प्रतिरूप अडकलं’ असं कोण ओरडेल? आभासी प्रतिमेबद्दल तर बोलतच नाही.

देवाचा अवतार, अवतारी पुरुष, अवतारकार्य हे अर्थ सोडून देतो, ते सगळ्यांना ठाऊक आहेत. मला नदीवर जायचं आहे.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘अवे तॄस्त्रोर्घञ्’, तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातलं एकशेविसावं. अव या उपसर्गानंतर तॄ धातू आला की अवतार हा शब्द तयार होतो, असं ते सांगतं. पण हे सूत्र ज्या प्रकरणात येतं ते साधनाचं आणि जागेचं आहे. म्हणजे ज्याने उतरायचं किंवा जिथे उतरायचं, तो अवतार. काशिकावृत्तीत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, यावर एक शंका घेतली आहे, तिच्यात शब्द आहेत ‘अवतारो नद्याः’. नदीचा अवतार! नदीत जिथून पाय घालायचा ती पायवाट, तो घाट. विष्णूचा तिथे संबंध नाही. संस्कृत कोशांत तीर्थ हाही अवतारचा एक अर्थ दिलेला सापडतो, आणि तीर्थ शब्दही तॄ धातूचाच, मुळात पाणी ओलांडायची जागा. तॄ म्हणजे पार जाणं. तरणं, तारणं, तारू, निस्तरणं, वितरण ही सगळी त्याच घरची माणसं. कोकणात तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी ओलांडतात, ती तरही तिथलीच.

आता उतार पाहा. पूल नव्हते तेव्हा काठावर पोचलेला माणूस पहिल्यांदा विचारायचा, ‘नदीला उतार आहे का?’ म्हणजे चालत पार जाता येईल का. पाणिनीच्या परंपरेतला अवतार आणि आपल्या खेड्यातला उतार एकाच काठावर उभे आहेत. पण म्हणून उतरणं हा अवतरणंचा अपभ्रंश, असं तुमच्या मित्राने म्हणू नये. हे मी अनेक जाणकारांच्या तोंडून ऐकलं आहे, छापलेलंही वाचलं आहे, आणि ते साफ चूक आहे.

चूक का, ते लोण्याने सिद्ध करता येतं. नवनीत या शब्दाचं लोणी झालं. त्यात ‘अव’चा ‘ओ’ झाला आणि दोन स्वरांमधला एकटा ‘त’ गळून पडला. प्राकृताची ही नेहमीची चाल. त्याच चालीने अवतरति याचं प्राकृतात ओअरइ झालं. त्याला ‘उ’ नाही आणि ‘त’ही नाही. मग उतरणंमधला उ आणि त कुठून आले? उत्तरति यातून. तिथे त जोडाक्षर आहे. जोडाक्षर गळत नाही, झिजून एकेरी होतं. उत्तानचं उताणा झालं, भक्तचं भात झालं, तसं उत्तरतिचं उतरणं. यात वादाला जागा नाही.

पण इथेच खरी गंमत सुरू होते, आणि वर्षानुवर्षं मला या शब्दाने वेड लावलं आहे ते यासाठी. उत्तरतिमधला उद् म्हणजे वर! उद्गम, उड्डाण, उन्नती यांतला उद् तो हाच. मग वर जाणाऱ्या शब्दाने खाली येणं कसं दाखवलं? होडीमुळे. उत्तरति म्हणजे पाण्यातून वर येणं, काठावर पाय ठेवणं. होडी काठाला लागली की माणूस पाण्यातून वर येतो आणि त्याच क्षणी होडीतून खाली पाय टाकतो. कृती एक, दिशा दोन. लोकांनी हळूहळू होडीकडून पाहिलं, काठाकडून नाही. मग घोड्यावरून उतरणं आलं, गाडीतून उतरणं आलं, जिन्यावरून आलं, शेवटी ताप आणि भावही उतरले. होडीच्या खुणा मराठीत अजून जाग्या आहेत. प्रवाशाला आपण उतारू म्हणतो, जरी तो आगगाडीत बसलेला असला तरी. ‘पाहुणे कुठे उतरलेत?’ असं विचारतो, तेव्हा ते जिन्यावरून उतरलेले नसतात, मुक्कामाला थांबलेले असतात. आणि मग दोन वेगळ्या वाटांनी निघालेले हे दोन शब्द कागदावर भेटतात. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेला मजकूर म्हणजे संस्कृतात अवतरण आणि मराठीत उतारा. तलाठ्याकडून आणतो तो सातबाराचा उतारा आणि अवतरणचिन्ह, दोन्हींत मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरतो.

तुमच्या मित्राच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल: गेममध्ये पात्र वर चढतं, हे खरं. पण अवतार शब्द पात्राच्या बाजूने नाही, खेळणाऱ्याच्या बाजूने पाहतो. खुर्चीत बसलेला माणूस पडद्यातल्या जगात उतरतो, तिथल्या नियमांनी मार खातो, आणि खुर्चीत मात्र जसाच्या तसा असतो. विष्णू आणि राम यांच्यात नातं हेच आहे. 1985 साली रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा 4’ या गेममध्ये अवतार ही पदवी होती. आठ सद्गुण अंगी बाणवून खेळाडूने अवतार व्हायचं, शेवटी मारायला कोणी खलनायकच नाही. त्याच सुमारास लुकासफिल्मच्या गेम विभागातले लोक कमोडोर 64 या घरगुती संगणकावर ‘हॅबिटॅट’ नावाचं जग उभं करत होते, आणि फोनच्या तारेतून त्या जगात उतरणाऱ्या माणसांच्या आकृत्यांना त्यांनी अवतार म्हटलं. गॅरियटचा अर्थ मला फार आवडतो, पण तो अवतार कमवावा लागतो. उतरण्याचा अर्थ हॅबिटॅटवाल्यांनी पकडला. त्यांना पाणिनी ठाऊक असण्याचं कारण नाही, तरी शब्द अचूक बसला.

या बाबतीत धार्मिक मंडळी एक गोष्ट विसरतात. ‘यदा यदा हि धर्मस्य’ हा श्लोक अवतारासाठी सारखा सांगितला जातो, पण गीतेत अवतार हा शब्दच नाही. तिथे ‘सृजामि’ आहे, ‘संभवामि’ आहे. हरिवंशात विष्णूच्या प्रकट होण्याला जो शब्द आहे तो प्रादुर्भाव. प्रादुर्भाव! आज तो शब्द डेंग्यूला आणि कपाशीवरच्या बोंडअळीला लागतो. शब्दांचं नशीब असं असतं. पॉल हॅकर या जर्मन अभ्यासकाने 1960 साली मांडलं की अवतारकल्पनेच्या मुळाशी भारावतरण आहे, म्हणजे पृथ्वीच्या अंगावरचा भार उतरवणं. देव उतरतो हा अर्थ नंतरचा, ओझं उतरवतो हा आधीचा. हे मत हुशार आहे, पण मला पटत नाही. ओझं उतरवायच्याही आधी माणसं नदीत उतरत होती, आणि पाणिनीच्या प्रकरणातला अवतार घाटाचाच आहे. मूळ तिथे शोधावं.

आता तुमचे मित्र हसले त्याबद्दल, कारण ते हसले यातच मराठीने या शब्दाचं काय केलं ते आहे. मराठीत अवतार म्हटलं की राम-कृष्णाच्या आधी आईचा आवाज ऐकू येतो: ‘काय हा अवतार करून घेतलायस!’ विस्कटलेले केस, चिखलाचे पाय, बाहेर लोंबणारा शर्ट. हा अर्थ कुठून आला? पुष्कळ जण म्हणतात, उपरोधाने देवाचा शब्द माणसाला लावला, संपलं. मला ते अपुरं वाटतं. क्रियापद पाहा. देव अवतार घेतो किंवा धारण करतो. आईच्या तोंडचा अवतार मात्र केला जातो, करून घेतला जातो. करण्याची गोष्ट असते ती वेष, सोंग, रंगरंगोटी. माझं ठाम मत आहे की हा अवतार गाभाऱ्यातून आलेला नाही, दशावतारी नाटकाच्या रंगपटातून आला आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतार होतो. नट स्वतःचा रंग स्वतः चढवतात, संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. पहाटे नाटक संपल्यावर घामाने ओघळलेला रंग, सुटलेलं धोतर, काजळ गालावर आलेलं, अशा माणसाला पाहून जे म्हणावंसं वाटतं तेच आई मुलाला म्हणते. ‘काय हे रूप’ असं कोणी रागावून म्हणत नाही, कारण रूप जन्मजात असतं आणि अवतार अंगावर चढवलेला. याविरुद्ध कोणी म्हणेल की देशावर दशावतार कुठे होता? शब्द चालत जातात. तमाशातल्या सोंगाड्यानेही हेच काम केलं असतं.

म्हणजे अंगावर चढवलेलं, बाहेरून दिसणारं, हवं तेव्हा काढून टाकता येणारं रूप हा अर्थ गेमवाल्यांनी शोधलेला नाही. तो आपल्या घरात रोज वापरात आहे. आणि खेळात अवतार तर त्याहून जुना. सावंतवाडीला दशावतारी गंजिफा रंगवतात. गोल पानं, एकूण 120, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पानं. प्रत्येक संचाचा राजा म्हणजे तो अवतार, त्याच्या हाताखाली वजीर आणि एक्कापासून दश्शीपर्यंतची पानं. दिवसा खेळ असेल तर रामाचं पान ज्याच्या हातात तो पहिली खेळी करतो, रात्री असेल तर कृष्णाचं. निम्म्या संचांत क्रम उलटा, दश्शी सगळ्यात हलकी. अमेरिकेत कोणी कमोडोर चालू करायच्या कितीतरी आधी आपल्याकडे लोक हातात अवतार धरून डाव मांडत होते.

तुमच्या मंडळींना सांगा, खुशाल हसा आणि अवतारच म्हणा. पात्राचे कपडे-रंग बदलता त्या स्किनसाठी सोंग आहेच: ‘नवं सोंग घेतलं, दीडशे रुपये गेले.’ आणि पात्र मेल्यावर ‘डेड झालो’ म्हणायची गरज नाही. ‘माझा अवतार संपला, जपून खेळा’ म्हटलं की बाकीचे पाच-सहा जण समजतील.