हसू ओठांत शोधू नकोस

तू रंगवलेल्या हसऱ्या व्यक्तिचित्रात चेहरा हुबेहूब जमलाय, पण माणूस निर्जीव वाटतोय, ही अडचण सुरुवातीला सगळ्यांनाच येते. तुझ्या चित्रात ओठांची टोकं वर वळलीत, डोळे मात्र तसेच थंड राहिलेत. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की ओठ मुद्दाम ताणता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच आवळतो. म्हणून आधी खालची पापणी बघ. ती किंचित वर सरकते, गाल फुगतो, त्याखाली मऊ सावली पडते. तेवढं रंगवलंस तर ओठांना फार काही करावं लागत नाही.

दुसरं, कडा. डोळ्यांचे आणि ओठांचे कोपरे रेघ मारल्यासारखे ठळक करू नकोस. लिओनार्दोने मोनालिसाचे नेमके हेच कोपरे धूसर सावलीत विरघळवलेत, म्हणून ती हसतेय की नाही हे ठरवता येत नाही. रंग ओला असतानाच कोरड्या, मऊ ब्रशने कड हलकेच पुसून बघ.

बुबुळाभोवतीचा पांढरा भाग शुद्ध पांढरा नसतो. तो करडाच ठेव, नाहीतर माणूस दचकल्यासारखा दिसतो. (माझी पहिली दहाएक चित्रं अशीच दचकलेली आहेत!) चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या करायचा मोहही टाळ, एक भुवई जराशी वर असेल तर ती तशीच राहू दे.

आणि फोटोवरून करत असशील तर ‘स्माइल प्लीज’वाला फोटो घेऊ नकोस. बोलता बोलता थांबलेला चेहरा निवड.