साहस भांडवल की जोखीम भांडवल?

सिडकोतल्या एका वाचकांनी विचारलंय: "'सायबर सुरक्षा कंपन्यांसाठी साहस भांडवलदारांनी जोखीम उचलली' असं छापून आलं. साहस भांडवल बरोबर की उद्यम भांडवल? आणि सुरक्षा म्हणावं की सुरक्षितता?"

गोष्ट आहे व्हेंचर कॅपिटलची, म्हणजे नव्या कंपन्यांत बुडण्याची तयारी ठेवून घातलेल्या पैशाची. आधी ते 'उचलली' खाली ठेवा. जोखीम उचलणं हे हिंदीचं उष्टं. मराठीत जोखीम घेतात, पत्करतात. उद्यम भांडवल हेही हिंदीतल्या 'उद्यम पूंजी'वरून आलंय. किराणा दुकान हाही उद्यमच, मग वेगळं काय सांगितलं?

आता साहस. आज हा शब्द शूराचा आहे हे मान्य, पण त्याचं मूळ 'सहस्', म्हणजे बळ, आणि त्यावरून साहस म्हणजे बळजोरी. स्मृतिग्रंथांत साहस हे खटल्याचं एक कलम आहे आणि संस्कृतात साहसिक म्हणजे चक्क दरोडेखोर. मनुस्मृतीत दंडाच्याच पायऱ्यांना प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस म्हटलंय: अनुक्रमे २५०, ५०० आणि १००० पण (हे त्या काळचं नाणं). तेव्हा कुलपं बनवणाऱ्या कंपनीत साहस भांडवल घालणं म्हणजे दरोड्याच्या पैशातून कुलूप घेणं. परिभाषा घडवणाऱ्यांना हे कसं दिसलं नाही?

जोखीम भांडवल म्हणा. कारण हा शब्द, माझ्या मते, 'योगक्षेम'वरून आलाय. योग म्हणजे जे नाही ते मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. गीतेच्या नवव्या अध्यायातलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर सगळ्यांनी पाहिलंय. य चा ज होतो (योगी, जोगी), मधला ग गळतो, क्ष चा ख होतो: जोगक्खेम, जोखेम, जोखीम. इथे कुणी म्हणेल, मराठीत क्षेत्राचं शेत झालं, खेत नाही. बरोबर! म्हणूनच हा शब्द शेतातला नाही, पेढीवरचा आहे. गुजराती-हिंदी व्यापाऱ्यांच्या तोंडून आलेला. गुजरातीत आजही जोखम. जे विद्वान तो 'जोखणे'वरून आणतात त्यांनी ती 'ईम' कुठून आली ते सांगावं. मोजण्यावरून मोजीम होते का?

अर्थही बघा. "अंगावर जोखीम घेऊन रात्रीची एसटी धरू नकोस" असं आजी म्हणते तेव्हा जोखीम म्हणजे धोका नव्हे, गळ्यातली पोत आणि हातातल्या पाटल्या. राखायची वस्तू आणि ती जाण्याची भीती एकाच शब्दात. सुरक्षा तंत्रज्ञानातली गुंतवणूक तरी दुसरं काय आहे?

शिवाय व्यवहाराचं नावही तयार होतं: जोखमी हुंडी. जहाजावर चढवलेल्या मालावर ही हुंडी लिहीत. माल सुखरूप पोचला तर पैसे मिळत, बुडाला तर हुंडी घेणाऱ्याचे बुडत. जोखीम भांडवल याच जातीचं: तारण नाही, व्याज नाही, बदल्यात समभाग. फंड साधारण दहा वर्षांचा. बरेच डाव फसतात, एखादा सगळं भरून काढतो. म्हणून करारात आधीच लिहून घेतात, कंपनी विकली तर पहिल्यांदा आमचं मुद्दल. आपल्याकडे शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१२ च्या नियमांत हे फंड पर्यायी गुंतवणूक निधींच्या पहिल्या वर्गात येतात, आणि सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान एक कोटी रुपये घालावे लागतात.

याच्या अगदी उलट व्यवहार नाशिककरांना पांडवलेण्यांत दिसेल. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे, ठेवले: २००० महिना शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, नुसतं व्याज खायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४०, म्हणजे वीस भिक्षूंना वस्त्रासाठी बारा-बारा. हिशेब चोख! याला म्हणतात अक्षयनीवी, आणि नीवी म्हणजे मुद्दलही आणि कमरेच्या वस्त्राची गाठही. जोखीम भांडवलात ही गाठ पहिल्याच दिवशी सुटते.

हां, मूळ बातमी होती या कंपन्यांत घातलेल्या पैशाबद्दल. सायबर सुरक्षेत २०२१ साली पैशाचा पूर आला, पुढची दोन वर्षं तो ओसरला. व्याजदर वाढले आणि एकूणच जोखीम भांडवल आटलं; शिवाय एकाच कामाची डझनभर साधनं निघाली आणि विकत घेणाऱ्या कंपन्या त्यांतली कमी करू लागल्या. तरी डाव लागला तर कसा लागतो पाहा: २०२० मध्ये निघालेली विझ ही क्लाउड सुरक्षेची कंपनी ३२ अब्ज डॉलरना घेण्याचा सौदा गूगलने मार्च २०२५ मध्ये जाहीर केला.

राहिलं सुरक्षा की सुरक्षितता. सुरक्षा ही योजना, सुरक्षितता ही त्यातून येणारी अवस्था. विकली जाते ती पहिली, म्हणून सुरक्षा तंत्रज्ञान. मात्र प्रत्येक 'सिक्युरिटी'ला हा शब्द चिकटवू नका. कर्जापोटी ठेवतात ते तारण, घरमालक घेतो ती अनामत, आणि सेबीच्या नावात आहेत त्या प्रतिभूती.