पंचनामा नेमका कोणाचा?

'पंच म्हणजे पाच, मग पंचनाम्याखाली दोघांच्याच सह्या कशा? आणि "पालिकेच्या कारभाराचा पंचनामा" हा मथळा बरोबर म्हणावा का?' असे एका वाचकाने विचारले आहे.

पाचाचा आकडा मराठीत फार पूर्वीच माणसांवर जाऊन बसला. 'पाचामुखी परमेश्वर' म्हणताना आपण डोकी मोजत नाही. गावाने मानलेली, वादात न गुंतलेली माणसे ती पंच. त्याला फारसीतला 'नामा', म्हणजे लेख, जोडला गेला. करारनामा, जाहीरनामा, वकालतनामा ही सगळी त्याचीच भावंडे. राजीनामासुद्धा. मराठेशाहीत पंचायतीपुढे जाताना वादी-प्रतिवादी 'निवाडा मान्य करू' असे लिहून देत, तो राजीनामा. नोकरी सोडण्याचा अर्थ नंतरचा.

दोनाचा आकडा मात्र कायद्यातला. झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०० सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १०३ मध्ये आहे, आणि कलम १०५ ने झडती-जप्तीचे चित्रीकरणही सक्तीचे केले आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी एखादा पंचनामा हातात घेऊन वाचावा. सुरुवात 'आम्ही खाली सही करणार पंच' अशा धर्तीची असते. शेवटी पंचांच्या सह्या, आणि 'समक्ष' असे लिहून त्याखाली अधिकाऱ्याची सही. कागदावर अक्षर हवालदाराचे असेल, पण त्यातले 'आम्ही' पंचांचे आहे. म्हणून 'पोलिसांनी पंचनामा केला' हे वाक्य मला खटकते. 'पंचांसमक्ष' हा शब्द गळला की ज्यांच्या डोळ्यांवर हा कागद उभा आहे ती माणसेच वाक्यातून जातात. झडती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना लबाडी करता येऊ नये, हाच पंचनाम्याचा मूळ हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या २०१३ च्या निकालात सांगितले आहे.

डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे, ही पंचनाम्याच्या भाषेची शिस्त मला फार मोलाची वाटते. सोनसाखळी जप्त झाली तरी कागदावर 'पिवळ्या धातूची साखळी' येते, कारण ते सोने आहे की नाही हे सराफ सांगेल. सुऱ्यावर 'रक्तासारखे दिसणारे तांबूस डाग' असतात, कारण रक्त ठरवायचे काम प्रयोगशाळेचे. गारपिटीनंतर तलाठी आणि कृषी सहायक बांधावर येऊन करतात तो नुकसानीचा पंचनामाही याच जातीचा, त्यामुळे तो वापर अगदी योग्य. मथळ्यातल्या 'कारभाराच्या पंचनाम्यात' मात्र आरोप असतो, निष्कर्ष असतो, कधी निकालसुद्धा असतो. तो प्रयोग रूढ झाला आहे, पण मी करणार नाही. तिथे झाडाझडती म्हणावे, चिरफाड म्हणावे.

जाता जाता पंचांच्याच बातम्यांतल्या 'फितूर' या शब्दाबद्दल, कारण त्याने माणसांवर अन्याय होतो. न्यायालयात पंच म्हणतो, 'सही माझी आहे, पण मजकूर माझ्यासमोर लिहिला नाही. मला ठाण्यात बोलावून सही घेतली.' दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'पंच फितूर'. फितूर म्हटले की मराठी माणसाला शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा आठवतो. साक्षीदाराने आपल्याच पक्षाला अडचणीचे सांगितले, तर त्याची उलटतपासणी करायची परवानगी तो पक्ष न्यायालयाकडे मागतो. कायद्यात एवढेच आहे, द्रोहाचा उच्चारही नाही. पैसे खाऊन किंवा धमकीला घाबरून उलटणारे पंच असतात, नाही असे नाही. पण त्याच त्या ठरलेल्या पंचांच्या सह्या घेण्याची सवयही जुनी आहे, आणि कोऱ्या कागदावर सही दिलेला माणूस शपथेवर खरे सांगत असेल, तर पंचाचे काम त्याने त्या दिवशी पहिल्यांदा केलेले असते. अशा वेळी 'पंचाने पंचनाम्यातील मजकूर नाकारला' एवढेच लिहावे.