वाचकांचे प्रश्न : जिप्सीच्या इंजिनावर मोटारसायकलचे कार्ब्युरेटर

प्रश्न : माझ्याकडे १२९८ सीसी इंजिनाची, कार्ब्युरेटरवर चालणारी जुनी मारुती जिप्सी आहे. हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) इनटेकचे, म्हणजे हवा आत घेण्याचे, चार स्वतंत्र पोर्ट आहेत. ६०० सीसीच्या चार सिलिंडर मोटारसायकलचा ३६ मिलिमीटरच्या चार कार्ब्युरेटरांचा जोडसंच मला मिळाला असून तो बसवण्यासाठी मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर हेडला जोडणारा नळ्यांचा संच) करून घ्यायचा आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे मामा म्हणतात, ॲल्युमिनियममध्ये ओतून घे. उद्यमनगरातले मिस्त्री म्हणतात, पाइप वेल्ड करून देतो. शिवाय सहाशे सीसीच्या गाडीचे कार्ब्युरेटर तेराशेच्या इंजिनाला पुरतील का? गाडी केवळ खासगी जागेतील ऑफरोडसाठी आहे.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती पुष्कळांना पडते. कार्ब्युरेटरला इंजिनाचे सीसी कळत नाहीत; मिनिटाला आपल्यातून किती हवा जाते, एवढेच कळते. मोटारसायकलचा एक सिलिंडर १५० सीसीचा, पण तो १२,००० फेऱ्यांपर्यंत जातो. आपला सिलिंडर सुमारे ३२५ सीसीचा, पण ६,००० फेऱ्यांच्या आसपासच थांबतो. दोन्हींचा गुणाकार करून पाहा, १८ लाख आणि साडेएकोणीस लाख. म्हणजे हवेची मागणी जवळजवळ सारखीच आहे आणि ३६ मिलिमीटरचा संच आपल्या इंजिनाला योग्य आहे.

मामांचा सल्ला दहा नग करायचे असते तर मी मानला असता. एका नगासाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) आणि चार वाकड्या नळ्यांचे कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचे साचे) करणे परवडत नाही. त्यातून ॲल्युमिनियम थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आकसते आणि माप दोन मिलिमीटर चुकले तर पॅटर्नपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. आपण आर्गन वेल्डिंगचाच मार्ग धरावा.

कापाकापीआधी पोर्टांची आणि कार्ब्युरेटरांची मध्यांतरे व्हर्नियरने मोजा. समजा, पोर्ट ९० मिलिमीटरवर आणि कार्ब्युरेटर ८० मिलिमीटरवर आहेत. मध्यापासून मोजल्यास आतल्या दोन नळ्या ५ आणि बाहेरच्या दोन १५ मिलिमीटरने सरकतात. नळी १०० मिलिमीटर लांब धरली तर बाहेरच्या नळीचा कल साधारण साडेआठ अंश येतो. एवढ्या कलाने हवेला अडचण होत नाही, त्यामुळे जोडसंच सोडवून त्याचे लिंकेज आणि पेट्रोलचे जोड नव्याने करण्याचा खटाटोप वाचतो. फ्लोटची (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल ठरावीक पातळीवर राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बिघडू नये म्हणून कार्ब्युरेटर मोटारसायकलवर ज्या कोनात बसत होते, त्याच कोनात इथेही बसले पाहिजेत.

फ्लँजसाठी (मॅनिफोल्डच्या हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीसाठी) १० मिलिमीटरची ॲल्युमिनियम प्लेट घ्या आणि नवे गॅस्केट ठेवून आखणी करा. नळीचे हेडकडचे टोक पोर्टच्या आकाराला आणताना हवेच्या वाटेत आडवी येणारी कड कोठेही राहू देऊ नका. मोटारसायकलचे रबरी बूट मात्र टाकून देऊ नका. इंजिनाची थरथर तेच शोषतात. कार्ब्युरेटर थेट धातूवर आवळले तर फ्लोट चेंबरमधले पेट्रोल फेसाळते. मूळ मॅनिफोल्डमधून कूलंट फिरत असेल, तर ती वाट नव्या फ्लँजमध्ये ठेवायला हवी.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या पहिल्या मॅनिफोल्डची फ्लँज एका वर्कशॉपमध्ये मोकळी ठेवूनच वेल्ड झाली होती. इंजिन आयडलला वर-खाली होई, कार्ब्युरेटरमधून फटके येत, प्लग पांढरे निघत, आणि मी तीन रविवार जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलचे माप ठरवणारी बारीक छिद्रे) बदलत बसलो. अखेर मॅनिफोल्ड उतरवून फ्लँज सपाट काचेवर ठेवली, मागून बॅटरीचा उजेड धरला, तेव्हा मधल्या दोन पोर्टांखाली प्रकाशाची रेघ दिसली, ०.३० मिलिमीटरचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) तिथे सहज सरकला. वेल्डच्या उष्णतेने फ्लँज वाकली होती आणि त्या फटीतून जादा हवा आत शिरत होती. म्हणून मिस्त्रींना आग्रहाने सांगा, की फ्लँज २५ मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर किंवा भंगारातल्या हेडवर बोल्टने आवळूनच वेल्ड करायची, पहिली नळी झाली की चौथी, मग दुसरी, मग तिसरी असे करायचे आणि पूर्ण गार होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. नंतर तिचा चेहरा मिलिंगवर मारून घ्या. ॲल्युमिनियम चुंबकाला धरत नसल्याने सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी टेबलावर ते काम होत नाही. गाडीवर चढवण्यापूर्वी सर्व तोंडे बंद करून ५ पीएसआय (दाबाचे एकक) हवा भरा आणि मॅनिफोल्ड पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडा दिसला तर पुन्हा वेल्डिंगकडे जा.

हे सगळे झाल्यावरच जेटला हात लावा. पेट्रोलच्या दाबाकडेही लक्ष हवे. मोटारसायकलवर टाकी वर असते आणि एक मीटर उंचीच्या पेट्रोलचाही दाब जेमतेम एक पीएसआय भरतो. कारचा पंप ३ ते ५ पीएसआय देतो आणि त्याने फ्लोटची सुई उचलून पेट्रोल बाहेर सांडते. मध्ये रेग्युलेटर लावून दाब २ पीएसआयच्या आत ठेवा आणि गाडीत अग्निशामक असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आपण ती खासगी जागेतच ठेवणार आहात, हे बरे आहे.

प्रश्न : असाच मॅनिफोल्ड मी बसवला आहे, परंतु ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट लागतो. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सर्व्होला (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालून ब्रेकला जोर देणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम पुरत नाही. आपण बहुधा एकाच नळीतून जोड घेतला आहे. तिथे व्हॅक्यूम सिलिंडरच्या प्रत्येक ओढीबरोबर येतो आणि जातो. चारही नळ्यांना बारीक निपल लावून ते एका छोट्या बंद डब्यात एकत्र आणा आणि डब्यापासून सर्व्होपर्यंतच्या पाइपमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. निपलची छिद्रे लहानच ठेवा, नाहीतर एका सिलिंडरची हवा दुसऱ्यात जाऊन आयडल बिघडेल. हे होईपर्यंत गाडी उतारावर नेऊ नका.